कॅनव्हासमधून पाच इंच बाहेर आलंय, आता याला पेंटिंग म्हणायचं की शिल्प?

रंगाचा_डबा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी नोकरी सांभाळून अमूर्त काम करतो, आर्ट स्कूलचं शिक्षण नाही. आधी सपाट ॲक्रिलिक करायचो, मग नाइफने जाड रंग लावायला लागलो, मग त्या जाडपणाचीच चटक लागली आणि टेक्श्चर व्हाइट, वाळू, सुतळी, गोणपाट असं करत करत हल्ली कॅनव्हासखाली जाळी घालून वरून पीओपी थापतो, सुकलं की तासतो आणि मग रंग. रंग पण फार नाही, पांढरा, राखाडी, मधेच एखादी गेरूची रेघ. एकेक भाग चार-पाच इंच बाहेर आलाय, बाजूने बघितलं तर डोंगराचा नकाशाच.

तर झालं असं की एका प्रदर्शनाचा फॉर्म भरत होतो, त्यात विभाग निवडायचा, चित्र / शिल्प / मुद्राचित्र. फोन करून विचारलं तर पलीकडचे साहेब म्हणाले भिंतीवर लागतं ना मग चित्र, मी म्हटलं पाच इंच बाहेर आहे, तर म्हणे मग ते म्युरल झालं, म्युरल आम्ही घेत नाही. शिल्पात टाकू का विचारलं तर शिल्प चौथऱ्यावर उभं राहायला हवं म्हणे. म्हणजे आता मी कुठे जाऊ?

प्रश्न दोन आहेत. एक, जगात असलं काम कोणी कोणी केलंय आणि ते लोक स्वतः याला काय म्हणायचे? दोन (हा जास्त महत्त्वाचा), पावसाळ्यानंतर पीओपीला केसासारख्या भेगा पडतात आणि कोपऱ्यातून कपच्या सुटतात, त्यावर काही उपाय आहे का?

---

तिरकी_रेघ

धागा आवडला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, दुसऱ्यासाठी कोणीतरी जाणकार येईलच.

तुम्ही ज्या फटीत अडकलाय त्या फटीत गेली सत्तरेक वर्षं बरेच मोठे लोक मुद्दाम जाऊन बसलेत. सुरुवात करायची तर लुचो फोंताना. १८९९ साली अर्जेंटिनातल्या रोसारिओमधे जन्म, वडील शिल्पकार, आणि स्वतः मिलानच्या ब्रेरा अकादमीत शिकला तो शिल्पच. हे लक्षात ठेवा, कारण याच माणसाने १९४९ मधे कॅनव्हासला भोकं पाडायला सुरुवात केली आणि १९५८ पासून ब्लेडने सरळ उभे चीर. एकरंगी कॅनव्हास आणि त्यावर एक किंवा चार-पाच चिरा, बास. चित्रकाराला कॅनव्हास म्हणजे खिडकी वाटते, ज्यातून आत काहीतरी दिसायला हवं. शिल्प शिकलेल्या माणसाला ते ताणलेलं कापड दिसलं, एक वस्तू, जिच्या मागे जागा आहे.

कापलं की झालं असं नाही हं. चीर दिल्यावर तो हाताने तिच्या कडा हलकेच आत वळवायचा, आणि मागून काळी जाळीदार पट्टी चिकटवायचा. ती का, तर ती नसेल तर चिरेतून मागची भिंत दिसेल आणि सगळं मुसळ केरात. पट्टीमुळे आत अंधार राहतो आणि तो किती खोल आहे ते कळत नाही. म्हणजे खरी खोली जेमतेम, बाकीची तुमच्या डोळ्याने भरायची. आता हे शिल्प म्हणा की पेंटिंग? तो स्वतः दोन्ही म्हणत नव्हता, बहुतेक सगळ्या कामांना एकच नाव, 'अवकाशीय संकल्पना'.

दुसरा एन्रिको कास्तेल्लानी, मिलानचाच, १९५९ पासून. याने कॅनव्हासवर काहीही चिकटवलं नाही. मागून खिळे लावून कापड पुढे ढकलायचं, पुढून खिळे मारून मागे ओढायचं, अशा ओळी. कापड तंबूसारखं वर-खाली होतं आणि वरून एकच रंग, बहुतेक पांढरा. जे काही दिसतं ते सगळं सावलीचं.

आणि त्याचा मित्र पिएरो मांझोनी, हा कॅनव्हास चिनी मातीच्या पातळ चिखलात भिजवून चुण्या पाडून वाळत ठेवायचा. १९६३ मधे वयाच्या २९ व्या वर्षी गेला बिचारा.

---

काका_पुणेकर

म्हणजे फाटका कॅनव्हास, खिळे आणि चिखल. आमच्या वेळी असल्या वस्तू बोहारणीला दिल्या असत्या तर तिने पण भांडं दिलं नसतं.

चेष्टा सोडा, पण या फोंतानाचं एक भोकांचं अंड्याच्या आकाराचं चित्र २०१५ साली न्यूयॉर्कला लिलावात जवळपास २ कोटी ९० लाख डॉलरला गेलं हे मी स्वतः वाचलंय. मला एवढंच सांगा, मी माझा कॅनव्हास कापला तर किती मिळतील?

---

तिरकी_रेघ

काका, कापून बघाच एकदा 😄 खरंच. ताणलेल्या कापडाला ब्लेड लावलं की पहिल्यांदा ते वेडंवाकडं जातं, धागे निघतात, आणि मग चीर लोळते, तोंड वाकडं करून बसते. त्याची चीर एका दमात वरून खाली गेलेली, सुरुवात बारीक, मधे फुगीर, शेवट परत बारीक. उगो मुलास नावाच्या फोटोग्राफरने १९६४ मधे त्याचे स्टुडिओत फोटो काढले, हातात कटर धरून कॅनव्हाससमोर उभा वगैरे, फार प्रसिद्ध फोटो आहेत ते. पण त्यात प्रत्यक्ष कापण्याचा क्षण नाहीच, कोणी बघत असताना तो कापायला तयार नसायचा, म्हणून पोझ देऊन काढलेत. मला तर हे वाचून बरं वाटलं, म्हणजे त्यालाही टेन्शन यायचं.

किंमतीचं मात्र मला विचारू नका, लिलाव हा वेगळाच धंदा आहे.

---

सिपोरेक्स

दुसऱ्या प्रश्नावर येतो. मी म्युरलची कामं घेतो, हॉटेल, सोसायटीच्या लॉबी, शाळा, देवळं, जे येईल ते. त्यामुळे भेगा हा माझा रोजचा विषय.

दादा, तुमची चूक पीओपीत नाही, कॅनव्हासवर पीओपीत आहे. कॅनव्हास हे ढोलाच्या कातड्यासारखं, हवेतल्या ओलाव्याने सैल पडतं आणि कोरड्यात परत ताणतं, पावसाळ्यात तर रोजचंच. पीओपीला वाकणं माहीतच नाही. एक हलतंय आणि एक हलायला तयार नाही म्हटल्यावर भेग पडणारच. फेविकॉल घालून कालवलं तर थोडं चिवट होतं, पण थोडंच.

करायचं असं. स्ट्रेचर (कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट) सोडा, बारा एमएमचा चांगला प्लाय घ्या (साधा कमर्शियल नको, वॉटरप्रूफ), मागून सागाच्या पट्ट्यांची चौकट स्क्रूने, म्हणजे प्लाय वाकणार नाही. त्यावर कॅनव्हास फेविकॉलने पूर्ण चिकटवून टाका, हवा राहू देऊ नका, लाटण्याने बाहेर काढा. आता खाली हलणारं काही नाही. मोठा उठाव पीओपीचा भरीव करू नका, वजनाने मराल. थर्माकोल किंवा फोम कापून आकार चिकटवा, त्यावर जाळी, त्यावर मॉडेलिंग पेस्ट किंवा एम-सील पातळ थरात. एक थर सुकल्याशिवाय दुसरा नको, घाई केली की वरचा सुकतो आणि आतला ओला राहतो, मग परत भेग. जाळी जीआयची (जस्त चढवलेली) किंवा स्टीलची, साधी लोखंडी नको, ॲक्रिलिकमधे पाणी असतं, दोन पावसाळ्यात पांढऱ्यातून तांबूस डाग वर येतात आणि ते काही केल्या जात नाहीत.

गोणपाट वापरत असाल तर आधी पातळ फेविकॉल पाजून वाळवा, नाहीतर बुरशी ठरलेली.

आणि ते म्युरल घेत नाही म्हणणाऱ्या साहेबांबद्दल काय बोलावं. आपल्याकडे भिंतीवरून अर्धा इंच वर आलेलं सगळं म्युरल. लॉबीतला सिपोरेक्सचा (हलक्या काँक्रीट ब्लॉकचा) घोडा पण म्युरल आणि तुमचं अमूर्त पण म्युरल. असो.

---

हडसनकाठचा

न्यू जर्सीहून. इथे म्युझियमं फिरायची सवय लागलीय म्हणून थोडी भर घालतो.

हा प्रश्न ज्याने आयुष्यभर अंगावर घेतला तो म्हणजे अमेरिकन चित्रकार फ्रँक स्टेला (२०२४ मधे गेला). १९५९ ची त्याची काळ्या पट्ट्यांची चित्रं आहेत, एकदम सपाट, काही म्हणजे काही नाही त्यात. पण स्ट्रेचर नेहमीपेक्षा जाड. कारण काय, तर घाईत चौकट करताना त्याने एक-बाय-तीन इंचाच्या पट्ट्या आडव्याऐवजी उभ्या वापरल्या, चित्र भिंतीपासून तीनेक इंच पुढे आलं आणि ते त्याला आवडलं. १९६४ च्या एका रेडिओ मुलाखतीत तो हे सांगतो, शेजारी डोनाल्ड जड हा दुसरा कलाकार बसलाय. स्टेला म्हणतो, या जाडीमुळे मागे बारीक सावली पडते, पृष्ठभाग भिंतीपासून सुटा होतो, आणि म्हणून ते वस्तू कमी आणि चित्र जास्त वाटतं. आणि जड म्हणतो, मला तर याची ॲल्युमिनियम रंगाची चित्रं लाद्या वाटली!

मला या धाग्याचं सगळं भांडण त्यात दिसतं. तेच तीन इंच, एकाला त्यामुळे ते जास्त चित्र वाटतं आणि दुसऱ्याला वस्तू. जडने पुढच्या वर्षी, १९६५ मधे, मोठा लेख लिहिला की गेल्या काही वर्षांतलं चांगलं काम निम्मं किंवा त्याहून जास्त ना चित्र आहे ना शिल्प, आणि स्वतः पत्र्याच्या पेट्या करायला लागला. स्टेला उलटा. पुढे पुढे त्याचं काम भिंतीतून दोन-दोन फूट बाहेर आलं, ॲल्युमिनियमचे वाकवलेले पत्रे, जाळ्या, वर चकचकीत रंग, काचेचा चुरा, आणि तरी हा म्हणणार मी पेंटरच. शिल्प म्हणजे काय, कापून कुठेतरी उभं केलेलं चित्र, असं त्याचं म्हणणं.

आता आपल्या कामाची गोष्ट. १९७७ मधे स्टेला अहमदाबादला आला होता, साराभाईंचा पाहुणा म्हणून. तिथे त्याला छापील पत्र्याचे तुकडे मिळाले, जाहिराती-लेबलं छापलेला पातळ पत्रा, आणि तारेची जाळी. त्यातून त्याने टेबलावर मावतील अशी छोटी मॉडेलं केली, कापून, वाकवून, जाळीवर अडकवून. परत गेल्यावर तीच कितीतरी पट मोठी करून ॲल्युमिनियममधे बनवली, म्हणून काही नावांच्या शेवटी ५.५ एक्स वगैरे लिहिलेलं असतं. या मालिकेचं नाव 'इंडियन बर्ड्स', आणि एकेका कामाचं नाव पक्ष्याचं, कस्तुरा, शमा, राम गंगरा, जंगली कोवा, खर-पिद्दा. ही नावं सलीम अलींच्या पुस्तकातून घेतलेली. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमच्या संग्रहात १९७९ चा 'कस्तुरा' आहे, साडेनऊ फूट उंच आणि भिंतीतून जवळजवळ अडीच फूट बाहेर. तुमचे पाच इंच म्हणजे किस झाड की पत्ती.

याच्याही आधी, १९५९ पासून, ली बॉन्टेकू. ती राहायची त्याच्या खाली लाँड्री होती, तिथले टाकून दिलेले कॅनव्हासचे पट्टे उचलून आणायची, लोखंडी सळ्यांचा सांगाडा वेल्ड करायची आणि कापडाचे तुकडे तांब्याच्या तारेने त्याला शिवायची. मधे मोठं काळं भोक, ज्वालामुखीसारखं पुढे आलेलं. तारेची टोकं तशीच बाहेर ठेवलेली, जवळ गेलं की शर्ट अडकेल अशी भीती वाटते. रंग जवळजवळ नाहीच, कापडाचा मळका तपकिरी आणि काजळी.

---

काका_पुणेकर

सलीम अली म्हणजे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे आपले सलीम अली? १९४१ चं ते पक्ष्यांचं पुस्तक? अहो ते आमच्या घरी होतं, वडिलांचं. कस्तुरा म्हटल्यावर मला भीमाशंकरच्या रानातला शीळ घालणारा कस्तुर आठवला. तो निळसर काळा असतो, कपाळ आणि खांदे तेवढे चमकदार निळे, बाकी काही चकचकीत नसतो, त्या स्टेलाला कोणीतरी दाखवायला हवा होता.

हे मात्र रोचक आहे. चिरांपेक्षा बरं.

---

कुंकवाचा_करंडा

इतकं लांब कशाला जायचं, तंजावरची चित्रं घ्या ना. फणसाच्या लाकडाची फळी, त्यावर कापड चिकटवलेलं, खडूची पूड आणि डिंकाचा लगदा करून दागिने-महिरपी उठावात आणायच्या, त्यावर सोन्याचा वर्ख. आणि त्या कलेला राजाश्रय दिला तो तंजावरच्या मराठ्यांनी, आपल्या सरफोजी राजांच्या काळात तर भरभराट. सिपोरेक्स दादांनी सांगितलेली प्लायवर कॅनव्हास चिकटवायची रीत तीच की!

---

तिरकी_रेघ

@कुंकवाचा_करंडा, रीत तीच, शंभर टक्के मान्य. पण तिथे उठाव कृष्णाच्या गळ्यातल्या हारासाठी आहे, तो हार आहे म्हणून वर आलाय. अमूर्तात तो उठाव कशाचाच नाही, तोच विषय आहे. फोंतानाची चीर ही जखम नाही आणि दारही नाही (लोक म्हणतात तसं, पण नाही). म्हणून दोन्ही एका रांगेत बसवले की मला थोडं खटकतं.

आपल्याकडचंच हवं असेल तर जेराम पटेल. मूळ गुजरातचे, पन्नासच्या दशकात मुंबईत जेजेला शिकलेले, पुढे बडोद्याला शिकवलं. साठच्या दशकात त्यांनी प्लायवर ब्लो टॉर्च चालवला. वरचा थर जाळायचा, आतला उघडा करायचा, कोरायचा, कुठे रंग, कुठे नुसता कोळसा. तुम्ही पृष्ठभाग वर आणताय, ते खाली गेले. आणि ते सगळं चित्र म्हणूनच टांगलं गेलं, 'ग्रुप १८९०' नावाच्या कलाकारांच्या गटाच्या १९६३ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात ते होते, आपले अकोल्याचे चित्रकार अंबादास पण होते त्यात. तेव्हा कोणी फॉर्मवर विभाग विचारला असेल असं वाटत नाही 🙂

आता माझं मत, न विचारता. जाडीवरून काही ठरत नाही हे स्टेलाने दाखवलंच. भिंतीवर लागतं की नाही यावरूनही नाही. माझ्या मते बघायचं ते हे, की कामाला पाठ आहे का? म्हणजे बघणाऱ्याने मागे जाऊन बघावं असं त्यात काही आहे का? फोंतानाने मागची बाजू काळ्या पट्टीने मुद्दाम बंद केली, म्हणजे त्याला तुम्ही समोरच हवे आहात. हे कितीही झालं तरी चित्रच. उलट ब्राझिलचा एलिओ ओइटिसिका घ्या, १९५९-६० च्या सुमाराला त्याने लाकडी फळ्या दोन्ही बाजूंनी रंगवून छतातून लोंबकळत्या ठेवल्या, पिवळ्या, केशरी, तांबड्या, आणि तुम्ही त्यांच्या मधून चालायचं. त्याचा रंग चित्राचा आहे, पण पाठ-पोट सारखंच. ते भिंतीवर लावता येतच नाही.

तुमचं पाच इंच असो की पंधरा, मागे प्लाय आणि हूक आहे ना? चित्र टिक करा.

---

सिपोरेक्स

ताई, कसोटी छान आहे पण माझ्या कामाला लावली की मोडते. उठावशिल्पाला कुठे पाठ असते? देवळाच्या भिंतीवरची पट्टी, वेरूळचं कैलास उचलणाऱ्या रावणाचं, ते भिंतीतच आहे, मागे कोणी जाऊ शकत नाही, तरी त्याला शिल्पच म्हणतात. आणि मातीत रिलीफ करायला शिल्पाच्या वर्गातच शिकवतात.

---

तिरकी_रेघ

हो, हे टोचलं. रावणानुग्रह तर जवळजवळ सुटाच आहे भिंतीतून. विचार करते.

पण सॅम गिलियम आठवा तुमच्या मुद्द्यासाठी, तो सगळ्यांनाच गोत्यात आणतो. वॉशिंग्टनचा, १९६८ च्या सुमारास त्याने चौकटच काढून टाकली. पातळ ॲक्रिलिक कॅनव्हासवर ओतायचं, ओलं असतानाच घड्या घालायच्या म्हणजे डाग आरपार जातात, आणि वाळलं की ते मोठंच्या मोठं कापड छतातून झोळ्या करून टांगायचं. प्रत्येक हॉलमधे वेगळं दिसणार, कारण गाठी आणि झोळ वेगळे. रंग भिजून आरपार गेलेला, त्यामुळे पाठ आणि पोट दोन्ही आहे. आणि तरी सगळे त्याला ड्रेप पेंटिंग म्हणतात. माझ्या कसोटीने ते शिल्प व्हायला हवं. नाही होत.

---

हडसनकाठचा

आणि लिंडा बेंगलिस राहिलीच की. १९६८-६९ मधे ती रंगीत लेटेक्सच्या बादल्या सरळ जमिनीवर ओतायची आणि सुकलं की तेच काम. भिंत नाही, कॅनव्हास नाही, चौथरा नाही, पायाखाली पडलेलं रबराचं थारोळं. एकाचं नावच 'पडलेलं चित्र'. पुढे तीही अहमदाबादला जाऊन-येऊन राहायला लागली आणि तिथे काम केलं. अहमदाबादच्या पाण्यात काहीतरी आहे बहुतेक.

---

रंगाचा_डबा

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना दंडवत.

अपडेट देतो. प्लायवर नवीन काम लावलंय, ते वाळतंय, त्याचं नंतर सांगतो. पण मधल्या काळात ते कास्तेल्लानीचं डोक्यातून जाईना, म्हणून एका जुन्या स्ट्रेचरवर नवीन कापड घेऊन मागून आडव्या पट्ट्या मारल्या आणि खिळे लावून कापड पुढे ढकललं. पहिल्यांदा दोन गोष्टी झाल्या. खिळ्याचं डोकं कापडातून नाण्यासारखं उमटलं, ते फार घाण दिसत होतं. आणि एका ठिकाणी कापड टचकन फाटलं. मग खुर्चीच्या पायाला लावतात ते फेल्टचे गोल चिकटवले डोक्यांवर आणि कापड आधी भिजवून घेतलं, सैल असताना खिळे लावले आणि मग वाळू दिलं. वाळताना ते स्वतःच आवळत जातं, रात्री हॉलमधून बारीक करकर आवाज येत होता, बायको म्हणाली उंदीर आहेत. सकाळी बघितलं तर प्रत्येक टोकापासून शेजारच्या टोकापर्यंत अशी कमान तयार झालेली, मी न करता. एक गोष्ट नक्की, पीओपीने हे आलं नसतं, तिथे प्रत्येक वळण मला थापावं लागतं.

आता नवीन अडचण. सकाळी खिडकीतून उजेड डावीकडून येतो तेव्हा ते असं काही दिसतं की काय सांगू. आणि संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की गायब! नुसता पांढरा कॅनव्हास. पाहुणे आले होते ते म्हणाले अजून सुरू नाही केलं का. मग हे काम नक्की कशाचं झालं, माझं की खिडकीचं? रंगवलेल्या चित्राला असं होत नाही ना, त्यातली सावली रंगाचीच असते, कुठेही लावा.

---

सिपोरेक्स

ट्यूब समोरून आणि सगळीकडून सारखा उजेड टाकते, सावलीच पडत नाही. आमच्या कामात म्हणूनच आधी लाइटवाल्याशी बोलायचं आणि मग आकार किती खोल ठेवायचा ते ठरवायचं. एक स्पॉट वरच्या कोपऱ्यातून, भिंतीपासून फार लांब नाही, तिरका. दोन बाजूंनी दोन लावले की परत सपाट. एकच.

सावल्यांच्या कडा धारदार हव्या असतील तर दिवा छोटा हवा, पसरट नको.

---

तिरकी_रेघ

तुमचं की खिडकीचं हे भारी विचारलंत. दोघांचं. शिल्पाची ही रीतच आहे, ते खोलीतला उजेड उधार घेतं, चित्र आपला उजेड बरोबर घेऊन येतं. त्या हिशोबाने कास्तेल्लानीचं पांढरं काम पूर्णपणे शिल्प आहे, आणि तरी ते कॅनव्हास आहे, स्ट्रेचर आहे, भिंतीवर आहे. मला वाटतं मी पाठीचा मुद्दा सोडून या उजेडाच्या मुद्द्यावर येते. (सिपोरेक्स, यावर पण काहीतरी काढालच तुम्ही.)

---

सिपोरेक्स

काढतो की. जाड रंगाचं साधं चित्र, नाइफने थापलेलं, त्यावर पण तिरका उजेड टाकला की सावल्या पडतात. मग ते पण शिल्प?

---

काका_पुणेकर

हे दोघं आता रात्रभर भांडणार. रंगाचा_डबा, तुम्ही फॉर्म भरलात का नाही ते सांगा, तारीख जाईल.

---

हडसनकाठचा

फॉर्मसाठी एक फुकटचा सल्ला. इथे गॅलऱ्या-म्युझियमं मापं लिहिताना असल्या कामाला तिसरं माप देतातच, उंची, रुंदी, खोली. विभाग चित्र टाका आणि माध्यमात 'प्लायवर कॅनव्हास, जीआय जाळी, मॉडेलिंग पेस्ट, ॲक्रिलिक' असं सगळं स्वच्छ लिहा. म्युरल हा शब्द कुठेही नको. वजन लिहा, टांगायची सोय लिहा. फोटो तीन द्या, एक समोरून, एक पूर्ण बाजूने, एक तिरक्या उजेडात जवळून. नुसता समोरून दिलात तर त्यांना सपाट चित्र वाटेल आणि प्रत्यक्ष आणल्यावर परत तेच म्हणतील, हे तर पाच इंच आहे.

---

रंगाचा_डबा

भरला काका, चित्र म्हणून. माध्यम हडसनकाठचा म्हणाले तसंच लिहिलं. फॉर्ममधे खोलीचा रकानाच नव्हता, रुंदीच्या रकान्यात ३६ x ५ असं कोंबलंय. पीओपीवालं नाही दिलं, नवीन प्लायचं दिलं.

सिपोरेक्स दादा, अकरा किलो भरलं, त्याला दोन रॉवल प्लग पुरतील का चार मारू?

---

सिपोरेक्स

विटांची भिंत असेल तर दोन पुरतील, पण आठ एमएमचे घ्या आणि प्लास्टरच्या आत विटेपर्यंत जाऊ द्या. ब्लॉकची भिंत असेल तर चार. आणि पुढे आलेलं काम खालून भिंतीला टेकतं आणि वरून पुढे झुकतं, म्हणून वर हूक आणि खाली मागच्या बाजूला रबराचे दोन ठोकळे लावा, नाहीतर वाकून बघणाऱ्याच्या नाकावर येईल.